एकच शीळ दोघींना

मास्तरणीचा पाय गेला आणि पागेत शहाण्यांची रीघ लागली.

मास्तरीण म्हणजे घोडी. वय सोळा, रंग तपकिरी, कपाळावर बोटभर पांढरा ठिपका. सासूबाईंच्या घोडेस्वारीच्या शाळेत तिने दहा वर्षं पोरांना पाठीवर बसायला शिकवलं होतं. पहिल्यांदाच खोगिरावर चढलेलं पोर घाबरून तिच्या मानेला मिठी मारून रडायला लागलं, तर ती एक कान मागे वळवून त्याचं सगळं रडणं ऐकून घ्यायची आणि ते संपल्यावरच पाऊल उचलायची. माणसांतल्या मास्तरांना हे जमत नाही. हिला जमायचं, म्हणून ही मास्तरीण.

तर हे शहाणे. पहिला आला औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेला गृहस्थ. त्याची नात मास्तरणीवर शिकत होती, एवढ्या नात्यावर तो थेट घोडीच्या ठाणाच्या फळीला रेलून उभा राहिला आणि म्हणाला, "कोबीची पानं बांधा. सूज अशी ओढून घेतात ना!"

"बांधून बघितली," सूनबाई म्हणाली. "तिने खाल्ली."

मग एका विद्यार्थ्याची आई आली. तिने गॉगल डोक्यावर सरकवला, घोडीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "पण घोडे तर उभ्यानेच झोपतात ना? मग तुम्ही हिला विश्रांती म्हणजे नक्की काय देताय?" त्यानंतर रंगाच्या दुकानाचा मालक आला. त्याचा घोड्यांशी संबंध एवढाच, की त्याने पागेच्या दाराला लावायला हिरवा म्हणून निळा रंग पाठवला होता.

"आमच्या ओळखीत एकाच्या घोड्याला अगदी असंच झालं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"गेला."

आणि एवढं सांगून तो मोठ्या समाधानाने घरी जेवायला गेला.

सूनबाई हे सगळं मास्तरणीच्या पायाशी उकिडवी बसून ऐकायची. एका हातात बर्फाची पिशवी, दुसऱ्या हातात पट्टीचं टोक, दातांत पट्टीची पिन. तोंडात पिन होती म्हणून त्या लोकांची अब्रू वाचली. सूनबाईचं तोंड मुळातच तिखट. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिच्या आईने दहा गोष्टी शिकवून पाठवलं होतं, त्यांतली पहिली "ऐकून घे" अशी होती. बाकीच्या नऊ तिने पाळल्या.

दुखणं असं होतं. पुढच्या डाव्या पायाला, गुडघ्याच्या खाली मागच्या बाजूने जी जाड शीर खुरापर्यंत उतरते, ती फाटली होती. डॉक्टर तिला कंडरा म्हणायचे. तुटली नव्हती, फाटली होती. दोरखंडाचे आतले पेड जावेत आणि बाहेरचे कसेबसे धरून राहावेत, तशी. तुटली असती तर त्याच दुपारी निकाल लागला असता. फाटली होती, त्यामुळे आता वाट बघायची होती. डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर एक काळा डाग दाखवला, वाटाण्याएवढा. "हा भरला पाहिजे," ते म्हणाले.

"भरेल ना?"

"बघू."

हा त्यांचा आवडता शब्द. एवढं शिकून, एवढी मोठी बॅग घेऊन, एवढ्या लांबून गाडी चालवत येऊन माणसाने "बघू" म्हणायचं, तर मग बाकीच्यांनी काय करायचं? महिनाभर ठाणातून बाहेर काढायचं नाही. दिवसातून तीनदा बर्फ. मग हाताने दोरी धरून पाच मिनिटं चालवायचं, फक्त चाल, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. नव्वदाव्या दिवशी कडक जमिनीवर दुडकी पळवून बघायचं. आणि रोज सकाळी पायाला हात लावून ऊब तपासायची. "एकाच पायाला हात लावून काही कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही पाय धरायचे. डावा उजव्यापेक्षा गरम लागला, तर आत काहीतरी बिनसलंय." त्यांनी सांगितलेली ही एकच गोष्ट सूनबाईला अकलेची वाटली.

हे झालं कसं, यावर घरात दोन पक्ष होते.

त्या दिवशी मास्तरणीवर दीर बसले होते. सासूबाईंचा धाकटा मुलगा. रिंगणात भरधाव पळवत होते आणि कोपऱ्यावर घोडी एकदम, काहीही कारण नसताना, जागच्या जागी थांबली. दीर तिच्या कानांवरून पुढे उडून वाळूत पडले. उठलेली धूळ खाली बसायच्या आत घोडी तीन पायांवर उभी होती.

दिरांचं म्हणणं, घोडी बिथरली. वय झालंय तिचं, डोक्यात काहीतरी फिरलं. सासूबाईंचं म्हणणं, घोडी बिथरत नसते, स्वार बिथरतो. "हात आहे का लोढणं? लगाम ओढला असशील हिसक्याने!" असं त्या रोज जेवताना म्हणत, आणि दीर रोज जेवताना म्हणत, "आई, देवाशपथ, लगाम ढिला होता." मग सूनबाईचा नवरा, जो शाळेचे फोन उचलायचा आणि घोड्यांपासून सहा हात लांब राहायचा, तो घास गिळून म्हणे, "दोघांचंही बरोबर आहे." या माणसाला दोन दगडांमध्ये उभं केलं असतं, तर त्याने दोन्ही दगडांना बरोबर म्हटलं असतं.

आणि सूनबाई खाली मान घालून ताटातलं चिवडत बसायची. कारण खरं काय ते तिला माहीत होतं. या घरात तिला एकटीला माहीत होतं.

त्याचं असं, की सूनबाई शिकवताना ओरडत नसे. दीर ओरडायचे, सासूबाई तर दोन शेतं पलीकडच्या कुत्र्यांना उठवायच्या. सूनबाई दोन बोटं ओठांत घालून शीळ घालायची. एक आखूड शीळ म्हणजे चल. दोन आखूड म्हणजे इकडे ये. एक लांब, शेवटाला वर चढणारी, म्हणजे थांब, आहेस तिथेच. मास्तरीण ही भाषा आठ दिवसांत शिकली. पाठीवरचं पोर कितीही वेडंवाकडं लगाम खेचत असलं, तरी लांब शीळ आली की तिचे चारही पाय जमिनीत रोवले जायचे. मात्र ही शीळ चालत्या घोड्यासाठी, फार तर दुडकीसाठी. भरधाव घोड्याला ती घालायची नसते. त्याचा वेग पायरी पायरीने उतरवायचा असतो, नाहीतर सगळा भार पुढच्या पायांवर येतो आणि शिरा जातात. हे सूनबाईला माहीत होतं. दिरांना तीच तर बजावत असे.

मग सूनबाईला ठकी झाली. ठकी चालायला शिकली ती पागेतल्याच गल्लीत, दोन्ही बाजूंना मिळून नऊ घोडे, छत्तीस खूर आणि मधून डुलत जाणारं एक पोर. सूनबाईचे हात कायम खराऱ्यात नाहीतर खोगिरात अडकलेले. पळत जाऊन धरायला वेळ कुठला? तेव्हा तीच शीळ. एक लांब, वर चढणारी, आणि ठकी एक पाय हवेत ठेवून थिजायची. इतकं गोड दिसायचं ते, की कधी कधी सूनबाई उगाचच घालायची.

"पोर आहे ती," सासूबाई म्हणायच्या. "घोडी नव्हे. बघ, एक दिवस अंगाशी येईल."

"आई, तुमचा मुलगा चार हाका मारल्या तरी जागचा हलत नाही. ही एका शिळेत उभी राहते. कुणाची शिकवण चांगली?"

केवढा माज होता त्या बोलण्यात! आज आठवलं की तिला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची.

त्या दिवशी गवताचे गठ्ठे घेऊन आलेला ट्रक फाटकातून मागे येत होता आणि ठकी हातात काठी घेऊन त्याच्याच दिशेने चालली होती. सूनबाई विहिरीपाशी. मध्ये चाळीस पावलं. तिने बोटं तोंडात घातली आणि जीव खाऊन शीळ घातली. ठकी थांबली. ट्रक तिच्यापासून दोन हातांवरून मागे गेला. आणि सूनबाईच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात, पलीकडे रिंगणात, भरधाव पळणारी मास्तरीणही थांबली. एकाच क्षणी. दोघी एकाच शाळेतल्या.

ट्रकच्या आवाजात शीळ कुणाला ऐकू आली नाही. दिरांच्या कानात वारा होता. सासूबाई खोलीत फोनवर होत्या. जिच्यासाठी होती तिने आणि जिच्यासाठी नव्हती तिने, अशा दोघींनीच तेवढी ऐकली.

तेव्हा लगेच सांगितलं असतं तर? सांगणारच होती. पण त्या रात्री सासूबाई दिरांवर इतक्या बरसल्या, की म्हटलं, उद्या सांगू. उद्या दीर म्हणाले, "वहिनी, तुम्हीच सांगा, घोडी बिथरते की नाही?" आणि वहिनी म्हणाल्या, "बिथरते कधी कधी." झालं. एकदा खोटं बोललं की दुसऱ्या दिवशी खरं बोलायला दुप्पट तोंड लागतं, आणि तिचं सगळं तोंड लोकांची टिंगल करण्यात खर्च होत होतं.

आणि मग पंधराव्या दिवशी सासूबाईंनी निकाल दिला. पायाचा नव्हे, घोडीचा.

"पाय बरा होतो की नाही ते डॉक्टर बघतील," त्या म्हणाल्या. "पण कारण नसताना थांबणारी घोडी मी लेकरांखाली देणार नाही. उद्या एखादं पोर मानेवर पडलं तर? नव्वद दिवस बघू. पायात दम असला आणि कुणी सांभाळायला नेलं तर ठीक. नाहीतर टेकडीमागच्या माणसाला बोलवू."

टेकडीमागच्या माणसाकडे मोठं कुरण आहे असं सगळे म्हणत. त्या कुरणात चरताना घोडा मात्र कुणी पाहिलेला नव्हता.

सूनबाईने तोंड उघडलं. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत "मी म्हटलं होतं ना" हे वाक्य आधीच तयार होऊन बसलेलं सूनबाईला दिसलं, निदान तिला तसं वाटलं, आणि तिने तोंड मिटलं. भित्री मेली. रंगवाल्याला हसायला हिला तोंड होतं, पण दहा वर्षांच्या मास्तरणीची बाजू घ्यायला नव्हतं.

पुढचे अडीच महिने तिने जे काही केलं, ते लोकांना फार थोर वाटलं. पहाटे उठून बर्फ. ठकीला न्हाऊ घालायच्या आधी घोडीची पट्टी. दुपारी ठकीची झोप ठाणाच्या बाहेर गवताच्या गठ्ठ्यावर, म्हणजे एका हाताने ठकीला थोपटता येतं आणि दुसऱ्या हाताने मास्तरणीचं नाक. ठकी झोपली की मास्तरीण मान खाली आणून फळीवरून तिच्या केसांचा वास घ्यायची, हलकेच फुंकर मारायची, आणि ठकीची बट उडून परत कपाळावर यायची. पुन्हा फुंकर. पुन्हा बट. सूनबाई बघत बसायची. तेवढ्या वेळात तिला कुणाचाच राग यायचा नाही, स्वतःचासुद्धा नाही. मग बाहेरून एखाद्या शहाण्याचा आवाज यायचा, "काय म्हणतोय पेशंट?" आणि संपलं.

"किती प्रेम आहे हो तुमचं तिच्यावर!" गॉगलवाली म्हणायची.

प्रेम! गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत येतो त्याला काय प्रेम म्हणतात?

ठकीने डॉक्टरकी सुरू केली. स्टुलाच्या पायाला पट्टी, टेबलाच्या पायाला पट्टी, काकाच्या पायाला तो झोपला असताना पट्टी. प्रत्येकाला तपासून ती गंभीरपणे म्हणायची, "बघू." आणि एक दिवस, सासूबाईंच्या मांडीवर बसून, त्यांच्या मनगटाला पट्टी गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "आजी, मी थांबले ना, तेव्हा मास्तरीणपण थांबली."

"कधी गं?"

"ट्रक आला तेव्हा."

सूनबाई ओट्याशी होती. तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"ठके," ती म्हणाली, "बाहेर मांजर आलंय बघ."

ठकी धावली. बाहेर मांजर नव्हतं. ती परत आली आणि आईकडे बघत उभी राहिली. चार वर्षांचं पोर, पण त्याच्या बघण्यात असं काही होतं, की सूनबाईने भांड्यात नुसतंच पाणी सोडलं आणि सोडतच राहिली. आपल्याच पोरीला तोंड बंद करायला शिकवत होतो आपण. बाकी सगळं शिळेवर शिकवलं, हे मांजरावर.

"काय म्हणत होती ही?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई. बडबड."

ठकीला शीळ घालायचा नाद लागला तोही त्याच सुमाराला. दिवसभर ओठांचा चंबू आणि नुसती हवा, फू, फू. नव्वदाव्या दिवसाच्या दोन दिवस आधी, गवतावर लोळता लोळता, तिच्या ओठांतून बारीकशी, केसाएवढी शीळ निघाली. लांब. शेवटाला वर चढणारी. ठाणात मास्तरणीने खाता खाता मान वर केली आणि ती निश्चल उभी राहिली.

ठकी आनंदाने किंचाळली. सूनबाईने तिला चटकन उचलून घरात नेलं.

नव्वदाव्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. बातमी आधीच फुटलेली असल्यामुळे औषधवाला आला, रंगवाला आला, गॉगलवाली मुलाला शाळेत न पाठवता घेऊन आली. लोकांना इतरांच्या घरचा निकाल ऐकायला कधी उशीर होत नाही. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या, नवरा सहा हातांवर उभा होता, आणि मास्तरीण, खरारा करून चकचकीत केलेली, तीन महिन्यांनी इतकी माणसं बघून कान टवकारून नाचत होती.

"दोरी कोण धरणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," दीर पुढे झाले. "पडलो मी होतो, पळवतो पण मीच."

"घट्ट धर," सासूबाई म्हणाल्या. "निदान दोरी तरी."

फरशीच्या पट्ट्यावर चाल झाली. डॉक्टर गुडघ्यावर बसून बघत होते. "ठीक," ते म्हणाले. हा नवीन शब्द ऐकून सूनबाईला एकदम रडू आलं. "आता दुडकी."

दिरांनी जीभ टाळूला लावून आवाज केला आणि त्याच क्षणी फाटकाबाहेर गवतवाल्याने ट्रकची मागची फळी धाडकन खाली टाकली. मास्तरीण उसळली. तीन महिन्यांचा कोंडलेला दम एका झटक्यात बाहेर आला. दोरी दिरांच्या मुठीतून सरकली, तळवा सोलवटून गेली, आणि घोडी रिंगणाच्या उघड्या फाटकातून आत शिरली, मान ताठ, शेपूट वर, भरधाव.

"धरा! धरा!" रंगवाला ओरडला आणि स्वतः झाडामागे गेला.

"अगं शीळ घाल!" सासूबाई खुर्चीतून उठल्या. "बघत काय राहिलीस? शीळ घाल, थांबव तिला!"

"वहिनी, शीळ!"

"शीळ घाला ना हो!" आता गॉगलवालीलाही हे शास्त्र कळायला लागलं होतं.

सूनबाईची बोटं ओठांपर्यंत गेली होती. सवयच ती. पुढे तोच कोपरा होता, आणि धूळ बसावी म्हणून सकाळीच पाणी मारलेली तीच वाळू. बोटं तिथेच थांबली. आणि मग तिला तिच्या कमरेपाशी, खाली, श्वास आत ओढल्याचा आवाज आला.

ठकीने ओठांचा चंबू केला होता.

सूनबाई खाली वाकली आणि तिने पोरीच्या तोंडावर हात दाबला.

"काय करतेस?" सासूबाई ओरडल्या. "तिकडे घोडी मरायला चाललीय आणि तू पोरीचं तोंड दाबतेस?"

"शीळ घातली तर ती जागच्या जागी थांबेल!" सूनबाई त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. "तसाच गेलाय तिचा पाय! मी घातली होती शीळ. ठकीसाठी. ट्रक मागे येत होता म्हणून. ती ठकीसाठी होती, मास्तरणीने ऐकली आणि ती थांबली. बिथरली नव्हती ती. भाऊजींनी लगामही ओढला नव्हता. मी!"

रंगवाला झाडामागून डोकावला.

सूनबाई कुणाकडेही न बघता वळली. दाण्याची बादली फरशीच्या कडेला होती, ती तिने उचलली, ठकीला कडेवर घेतलं, रिंगणाकडे पाठ केली आणि पागेच्या दिशेने चालायला लागली. हळू. बादली मांडीवर आपटत, खळ्ळ, खळ्ळ, रोज याच वेळी वाजायची तशी.

"मागे बघू का?" ठकीने कानात विचारलं.

"तू बघ. मला सांग."

"पळतेय."

"अजून?"

"पळतेय... आता वळली. आई, आता दुडकी करतेय. आपल्याकडे येतेय. काका बाजूला झाला. आता चालतेय. आई, ती चालतेय!"

गरम श्वास मानेवर आला, आणि मग मास्तरणीचं नाक तिच्या काखेतून पुढे घुसून थेट बादलीत गेलं. सूनबाई बादली धरून तशीच उभी राहिली. घोडी शांतपणे दाणे चावत होती, जणू तीन महिन्यांत काही घडलंच नव्हतं, आणि घडलं असलं तरी ते माणसांचं होतं.

डॉक्टर आले, बसले, पाय चाचपून बघितला. "दुडकी बघितली मी," ते म्हणाले. "वळून येताना. पाय सरळ पडत होता."

"म्हणजे बरी झाली?"

"एवढं पळाल्यावर आत पुन्हा काही फाटलं असेल, तर ते आत्ता कळणार नाही. उद्या सकाळपर्यंत ऊब येईल, सूज येईल. नाही आली तर..." त्यांनी बॅग उचलली.

"बघू," ठकी म्हणाली.

लोक गेले. गॉगलवाली जाताना "आम्हाला तर वाटलंच होतं" असं म्हणाली. काय वाटलं होतं ते देव जाणे.

जेवताना दिरांनी सोलवटलेला हात, ठकीने बांधलेल्या पट्टीसकट, ताटापुढे धरला आणि म्हणाले, "वहिनी, तीन महिने. तीन महिने रोज, दोन्ही वेळा, माझा लगाम. माझ्या हाताला लोढणं म्हणाली आई."

"चुकलं, भाऊजी."

"नुसतं चुकलं नाही चालायचं. माझी खोगिरं महिनाभर तुम्ही पुसायची."

"दोन महिने पुसते."

"बघा हं, साक्षीदार आहेत."

"दोघांचंही बरोबर आहे," नवरा म्हणाला, आणि सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की पुढचा घास त्याने पाण्याबरोबर गिळला.

सासूबाई सूनबाईला काहीच बोलल्या नाहीत. तीच खरी शिक्षा होती. ती ज्या वाक्याला तीन महिने घाबरली होती, ते आलंच नाही. आलं असतं तर उलट उत्तर देता आलं असतं.

सकाळी उजाडता उजाडता सूनबाई ठाणात गेली, तर तिथे आधीच कुणीतरी होतं. सासूबाई गवतात बसल्या होत्या, पदर खोचलेला, गुडघ्यांना त्रास होत असूनही खाली, मास्तरणीच्या पायाशी.

"पट्टी सोड," त्या म्हणाल्या.

सूनबाईने पट्टी सोडली. मग दोन्ही तळवे दोन्ही पायांना लावले, डावा डाव्याला, उजवा उजव्याला. काही कळेना. तिचे स्वतःचे हात तापल्यासारखे झाले होते, की गार पडले होते, तेही कळेना. "मला समजत नाहीये, आई," ती म्हणाली.

"कसं समजेल? हात थरथरतोय तुझा. सरक."

सासूबाईंनी हात नेसूच्या काठाला पुसले आणि तळव्यांऐवजी हातांची उलटी बाजू लावली, पोराचा ताप बघतात तशी. डोळे मिटले. मास्तरणीने एक कान मागे वळवला.

"त्या दिवशी शीळ नसती घातलीस तर?" सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"ठकी ट्रकखाली..."

"मग एवढं मला सांगायला तीन महिने लागले? मी काय राक्षसीण आहे? माझं नातवंड वाचलं, ते मला कालपर्यंत माहीतही नव्हतं, आणि मी या बिचारीला त्या टेकडीमागच्या मेल्याकडे पाठवायला निघाले होते! लोकांना एवढी नावं ठेवतेस दिवसभर, त्यातलं एखादं स्वतःलाही ठेवायचं."

"ठेवलीत, आई. सगळी ठेवून झाली."

सासूबाईंनी हात तसेच ठेवले. उजवा, डावा. पुन्हा उजवा. मग त्यांनी डोळे उघडले.

"गरम आहे?" सूनबाईने विचारलं.

"आहे."

सूनबाईने फळी धरली.

"दोन्ही आहेत," सासूबाई म्हणाल्या. "सारखेच. जिवंत घोडीचे पाय गरमच असतात, मूर्ख मुली. आण तो बर्फ, आणि संध्याकाळी पुन्हा बघू."